आधी शिवा, मग कापा

एका गोधडीचा हिशोब मांडू या. गादी ६० बाय ७८ इंचांची, दोघांची. दोन्ही अंगांनी फूट-फूट खाली यायला हवं, पायथ्याशीही फूटभर. आकार झाला ८४ बाय ९० इंच. वरच्या थराला निळ्या-पांढऱ्या चौकटी, एकाआड एक, प्रत्येक तीन इंचांची. रुंदीत २८, लांबीत ३०. गुणाकार केला की ८४०.

हा आकडा ऐकून भल्याभल्यांची हौस कपाटात परत जाते. ८४० चौकोन कापायचे, प्रत्येकाला चार बाजू, प्रत्येक कोपरा काटकोनात. मग पहिल्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडत जायचं. एका आडव्या ओळीत २७ सांधे, अशा ३० ओळी. म्हणजे ८१० वेळा कापड दाबाखाली सरकवा, बोटभर टीप मारा, दोरा तोडा. ओळी एकमेकींना जोडायचं काम त्यानंतरचं.

आणि तरीही हीच गोधडी एकही सुटा चौकोन न कापता होते. सरळ रेषेत १३० काप द्यायचे, आणि ८१० सांध्यांच्या जागी ९५ घालायचे. चौकोन तेवढेच, कापड तेवढंच. फक्त कामाचा क्रम बदलतो. आधी कापायचं आणि मग शिवायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की उलटं करून पाहावं असं मनातच येत नाही. इथं पट्ट्या शिवून घ्यायच्या आणि शिवलेलं कापड पुन्हा कापायचं.

ते कसं, हे बघण्याआधी कापड किती आणायचं ते ठरवावं लागेल, आणि तिथं पहिलंच आश्चर्य वाट बघत असतं.

तीन इंचांची चौकट दिसायला हवी असेल तर तुकडा साडेतीन इंचांचा लागतो. चारही बाजूंना शिवणीसाठी पाव इंच माया ठेवावी लागते. सुताराच्या मापात दोन सूत. दोन सूत म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण साडेतीनाचा वर्ग सव्वाबारा आणि तीनाचा नऊ. दर चौकटीमागे सव्वातीन चौरस इंच कापड आत दडतं. ८४० चौकटींचं मिळून २,७३० चौरस इंच. विकत घेतलेल्या कापडाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त भाग कधीच कुणाच्या नजरेस पडणार नाही.

चौकट लहान करत जा आणि हा हिशोब आणखी विचित्र होतो. सहा इंची चौकटीत सुमारे १५ टक्के कापड आत जातं, दोन इंची चौकटीत ३६ टक्के. चौकट सव्वा इंचाच्या जरा खाली उतरली की दिसणाऱ्या कापडापेक्षा दडलेलं कापड जास्त भरतं. इंचभराच्या चौकटींची नाजूक गोधडी भिंतीवर टांगलेली दिसली की मला आता ती उलट्या बाजूने बघावीशी वाटते. समोर फक्त ४४ टक्के माल आहे, बाकीचा ५६ टक्के मागे शिवणींत दुमडलेला. तो वाया गेला असं मात्र म्हणता येत नाही. जिथं शिवण एका अंगाला दाबलेली असते तिथं कापडाचे तीन थर होतात. बारीक ठिगळांची गोधडी हाताला जड आणि अंगाला उबदार लागते, त्यात या दडलेल्या कापडाचा वाटा मोठा असतो.

आता पन्हा. गोधडीची आखणी कागदावर होते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती अर्धीअधिक मागावरच झालेली असते, कारण कापड किती रुंद विणलं गेलं त्यावर पट्टी किती लांब निघणार हे ठरतं. पन्हा कशावर ठरत असे? विणकराच्या हातांवर. धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे दोन हातांच्या आवाक्यापेक्षा रुंद कापड एकट्याला विणता येत नसे. युरोपात रुंद लोकरी कापडासाठी मागावर दोन विणकर बसत. १७३३ साली जॉन के या इंग्रजाने दोरी ओढून पळवायचा धोटा काढला आणि माणसाच्या हाताची ही मर्यादा कापडावरून उठली. पुढे यंत्रमाग आले. आज इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवरून हव्या त्या रुंदीचं कापड उतरतं, पण साध्या सुती कापडाचा पन्हा दुकानात बहुधा ४४ इंचांच्या आसपासच सापडतो. शर्टाचं कापड ५८-६० इंची मिळतं, चादरीचं त्याहून रुंद. खणाचा पन्हा मात्र अजूनही अरुंद, त्यामुळे खणाच्या तुकड्यांची गोधडी करायची तर सगळाच हिशोब नव्याने मांडावा लागतो.

४४ इंची पन्ह्यातून किनारीची घट्ट पट्टी दोन्हीकडून काढून टाकावी लागते. ती उरलेल्या कापडापेक्षा वेगळ्या ताणाने विणलेली असते आणि धुतल्यावर वेगळी आकसते. नवं सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढावंच लागतं. कारण मागावर ताणा ओढून बांधलेला असतो, त्यावर खळ चढवलेली असते, आणि कापड गुंडाळलं गेलं तरी तो ताण धाग्यांच्या अंगात राहतो. पाण्यात धागा फुगतो, मोकळा होतो आणि आखडतो. दर मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज जातात. हे गोधडी शिवून झाल्यावर घडलं, आणि निळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त आखडलं, तर सगळ्या चौकटी सुरकुततात. मळखाऊ जुन्या साड्यांची गोधडी इतकी शहाण्यासारखी का वागते याचं उत्तर इथं आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीला आखडायचं ते आखडून झालेलं असतं.

धरून चालू की हातात ४२ इंचांची पट्टी येते. साडेतीनने भागा. बरोबर १२. एका पट्टीतून बारा चौकोन, ८४० ला १२ ने भागलं तर ७० पट्ट्या. सत्तर गुणिले साडेतीन म्हणजे २४५ इंच, सव्वासहा मीटरला किंचित कमी. दोन रंगांत वाटलं तर प्रत्येकी ३५ पट्ट्या, ३ मीटर ११ सेंटिमीटर.

इतका सुरेख भागाकार बघून कुणी दुकानात जाऊन सव्वातीन-सव्वातीन मीटर कापड घेऊन येईल, तर थांबा. ४२ मध्ये बारा साडेतीन बसतात ते अगदी काठोकाठ. पट्टीचं टोक सरळ करायला पाव इंच गेला की बाराव्या तुकड्याला जागा उरत नाही आणि अकरावर भागवावं लागतं. मग सत्तर तुकडे कमी पडतात, ते भरून काढायला दोन्ही रंगांच्या चार-चार पट्ट्या आणखी कापाव्या लागतात. पन्ह्यातला अर्धा इंच हुकला की लांबीत ७१ सेंटिमीटर कापड जास्त लागतं. म्हणून धुऊन-वाळवून झालेला पन्हा ४३ तरी भरतो का ते टेपने मोजावं, आणि कापड प्रत्येकी चार मीटर घ्यावं. उरलेल्याची चिंता करू नये, चिंध्या ज्या घरात नकोशा होतात त्या घरात गोधडी होत नसते.

कापायचं कसं, यात एक गंमत आहे. कापड मधोमध दुमडून, किनारीवर किनार ठेवून, आडव्या धाग्यात पट्ट्या कापतात. पट्टी दुमडीशी काटकोनात असायला हवी. ती जराशी जरी कलली तरी कापताना काहीच कळत नाही; दुमडलेल्या अवस्थेत कडा अगदी सरळ दिसतात. उलगडली की पट्टी मधोमध कोन करून वाकलेली निघते. घडीने चूक दुप्पट केलेली असते आणि लपवलेलीही. दर पाच-सहा पट्ट्यांनंतर एक उलगडून बघायची आणि कड पुन्हा सरळ करून घ्यायची, एवढाच त्यावर इलाज.

जुन्या बायका याच्या भानगडीत पडत नसत. त्या कापडाला कात्रीने जराशी चीर देऊन पट्टी टरकन फाडत. साधं विणलेलं सुती कापड फाटतं ते धाग्याच्याच ओळीने. पट्टी, गुण्या, खडू काही न घेता मागावरच्या धाग्याइतकी सरळ रेष मिळते. कडेचे दोन-चार धागे सुटतात, कापड जरा फुलतं, तेवढं मायेत जातं. माझ्या मते घरच्या कामाला हीच पद्धत उत्तम, निदान पहिली कड सरळ करून घ्यायला तरी.

आता मूळ मुद्दा. निळी पट्टी, पांढरी पट्टी, पुन्हा निळी, असं करत चौदा पट्ट्या लांबीच्या कडेने एकमेकींना शिवा. इस्त्री फिरवा. समोर साडेबेचाळीस इंच रुंद असं पट्ट्यापट्ट्यांचं कापड तयार झालेलं असेल. सत्तर पट्ट्यांतून अशी पाच कापडं होतात, चौदा पंचे सत्तर. आता हे शिवलेलं कापड आडवं धरा आणि शिवणींना काटकोनात, साडेतीन-साडेतीन इंचांवर कापा. प्रत्येक काप हातात चौदा चौकोनांची एक माळ देतो, निळा-पांढरा, निळा-पांढरा, आधीच जोडलेली. एका कापडातून बारा माळा, पाच कापडांतून साठ. आपल्याला तीस ओळी हव्यात, प्रत्येक ओळीत २८ चौकोन, म्हणजे दोन माळा. तीस दुणे साठ.

अळूवडीचा उंडा डोळ्यांसमोर आणा. पानाला पीठ लावून, पानावर पान ठेवून गुंडाळी एकदाच करायची. सुरी चालवली की प्रत्येक वडीत तेच वेटोळं आपोआप उमटतं. नक्षी वडीवर कुणी काढत नाही, ती उंड्यात असते. पट्ट्यांचं शिवलेलं कापड हा तसाच उंडा आहे.

सांधे मोजा. एका कापडात तेरा, पाचांत ६५. माळा जोडून ओळी करायला आणखी तीस छोटे. झाले ९५. काप मोजा, पट्ट्यांचे सत्तर आणि माळांचे साठ, म्हणजे १३०. आणि आता टिपेची लांबी मोजून बघा, कारण खरी मौज तिथं आहे. सुटे चौकोन जोडले असते तर साडेतीन इंचांच्या ८१० टिपा, म्हणजे २,८३५ इंच. पट्ट्यांच्या पद्धतीत ४२ इंचांच्या ६५ टिपा आणि साडेतीन इंचांच्या तीस. बेरीज करा. २,८३५. इंचाचाही फरक नाही. दोरा तेवढाच लागतो, मशीन तेवढंच चालतं. वाचतं ते थांबणं, उचलणं, जुळवणं आणि पुन्हा सुरू करणं. गोधडीत वेळ शिवण्यात जातो असं आपण समजतो. तो जातो दोन शिवणींच्या मधल्या जागेत. (ओळी एकमेकींना जोडायला २९ लांब टिपा उरतात, त्या दोन्ही पद्धतींत सारख्याच. त्या धरून सगळी टीप सुमारे १३४ मीटर भरते.)

यापुढची गोष्ट मला अजूनही जादूसारखी वाटते. साठही माळा एकसारख्या आहेत, सगळ्या निळ्याने सुरू होऊन पांढऱ्यावर संपणाऱ्या. चौकटींचा पट हवा असेल तर पहिली ओळ निळ्याने आणि दुसरी पांढऱ्याने सुरू व्हायला हवी. त्यासाठी वेगळी माळ करायची गरज नाही. दुसरी ओळ फक्त उलट्या टोकाने फिरवून ठेवायची. आता इस्त्री करताना सगळ्या शिवणी निळ्या अंगाला दाबलेल्या असतील, तर फिरवलेल्या ओळीत त्या आपोआप विरुद्ध दिशेला वळलेल्या असतात. वरच्या ओळीची शिवण उजवीकडे, खालच्या ओळीची बरोबर त्याच जागी डावीकडे. दोन ओळी एकमेकींवर ठेवून बोटाने चाचपलं की एका शिवणीचा उंचवटा दुसरीच्या खाचेत जाऊन बसतो. कोपऱ्याला कोपरा जुळतो, टाचणी न लावता. गोधडीच्या वरून दिसणारे ते काटेकोर चौक्याचे कोपरे डोळ्यांनी जुळवलेले नसतात, बोटांनी जुळवलेले असतात. आणि शिवणी गडद अंगाला दाबायच्या यालाही कारण आहे. फिकट कापडाखाली निळी माया गेली तर ती बाहेरून सावलीसारखी दिसते.

चुकांचंही गणित बघण्यासारखं आहे. समजा दर शिवणीत हात अर्धा सूत जास्त आत गेला. हे अंतर नखाने दाखवायलाही अवघड. पण शिवण दोन्ही तुकड्यांतून तेवढं कापड खाते, म्हणजे एक सूत. आणि ओळीत २७ शिवणी. ओळ सव्वातीन इंचांहून जास्त आखूड होते. मग अस्तर मोठं पडतं, किनारपट्टी जुळत नाही. म्हणून सुरुवातीला तीनच पट्ट्या जोडून, इस्त्री करून, मधली मोजायची. ती तीन इंच भरली की तुमची माया बरोबर. पट्ट्यांच्या पद्धतीत मात्र चुकीला एक शिस्त असते. एखादी शिवण जाड गेली तर ती बाराही माळांत सारखीच जाड जाते, आणि सगळीकडे सारखी असलेली चूक डोळ्याला खुपत नाही. मशीनचे दाते खालचं कापड वरच्यापेक्षा किंचित जास्त ओढतात, त्यामुळे सगळ्या पट्ट्या एकाच टोकाकडून शिवत गेलं तर ते कापड धनुकलीसारखं वाकायला लागतं. एक शिवण वरून, पुढची खालून सुरू केली की ओढ दोन्हीकडे वाटली जाते.

ही युक्ती एकाच कुणाची म्हणता येणार नाही, पण तिचं सगळ्यात देखणं रूप फ्लोरिडाच्या दलदलीत घडलं. सेमिनोल लोक एकोणिसाव्या शतकातल्या युद्धांनंतर एव्हरग्लेड्सच्या आतल्या भागात रेटले गेले. शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे हाताने फिरवायची शिवणयंत्रं पोहोचली, आणि १९२० च्या आसपास तिथल्या बायकांच्या घागऱ्यांवर आणि पुरुषांच्या सदऱ्यांवर बारीक नक्षीचे आडवे पट्टे दिसू लागले. जवळून बघितलं तर एकेक पट्टा शेकडो लहान तुकड्यांचा. पद्धत तीच, पट्ट्या जोडायच्या आणि आडव्या कापायच्या. पण त्या बायका एवढ्यावर थांबल्या नाहीत. कापलेल्या माळा एकेका घराने खाली सरकवून जोडल्या की चौकटींच्या जागी पायऱ्या होतात. काप काटकोनात न देता तिरका दिला की समांतरभुज चौकोन मिळतात आणि त्यांतून बाण, लाटा, विजा. पाव-अर्ध्या इंचाचा तुकडा सुटा हातात धरून कुणी शिवू शकणार नाही. पट्टीच्या पोटात असताना तो निमूट शिवला जातो. १९२८ मध्ये टॅम्पा ते मायामी हा टमायामी रस्ता दलदलीतून पार झाला, प्रवासी येऊ लागले आणि या कपड्यांना गिऱ्हाईक मिळालं.

अमेरिकेच्या गोधड्यांत ही घाई जरा उशिरा शिरली. नेब्रास्कातल्या डेव्हिड सिटीचा अर्नेस्ट हाइट हा शेतकरी, शिक्षणाने शेतकी इंजिनिअर. त्याने बायकोच्या जोडकामात खोट काढली आणि तिने तूच करून दाखव म्हटलं, असं सांगतात. त्याने ते मनावर घेतलं आणि पुढची पन्नासएक वर्षं मशीनवर वेगाने जोडण्याच्या रीती शोधत घालवली. नवऱ्यांना असं उत्तर अधूनमधून मिळायला हवं. १९७९ साली ओसाकाच्या ओल्फा कंपनीने फिरत्या गोल पात्याचा चाकू बाजारात आणला. तो शिंप्यांसाठी होता, पण चार घड्यांचं कापड एका फटक्यात सरळ कापणारं हत्यार पट्ट्यांच्या गोधडीवाल्यांनाच हवं होतं, आणि त्यांनी ते उचललं.

या सगळ्या आखीव कामाच्या अगदी उलट टोकाला असलेली गोधडी आपल्या शेजारी आहे. उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात गेले. कवंदीत पट्ट्या नाहीत, मोजमाप नाही. खाली साडी पसरायची, कोपऱ्यापासून सुरुवात करून जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक ठेवत धावदोरा घालत कडेकडेने फिरायचं आणि वेढे घेत मध्यावर पोहोचायचं. जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात; ती नसली तर कवंदी उघडी-नागडी दिसते असं त्या म्हणतात. इथं माया मोजायचा प्रश्नच नाही, कारण तुकड्याची कड दुमडायची की नाही, आणि किती दुमडायची हे सुई तिथं पोहोचल्यावर ठरतं. पट्ट्यांची गोधडी कापायला बसण्याआधीच पूर्ण ठरलेली असते, आणि कवंदी शेवटचा तुकडा बसेपर्यंत ठरत नाही. मला दोन्ही सारख्याच हुशारीच्या वाटतात.

चौकोनांना कंटाळलेल्यांसाठी त्रिकोण आहेत, आणि त्रिकोण म्हटला की उरेब कड आली. उभ्या धाग्यात कापड जवळपास ताणत नाही, आडव्यात थोडं ताणतं, उरेब धरलं की रबर होतं. त्रिकोणाची लांब बाजू नेमकी उरेब असते. कापला की शिवेपर्यंत तो वाकडा झालेलाच असतो. यावरही उपाय तोच, आधी शिवा. एक निळा, एक पांढरा चौकोन सुलट बाजूवर सुलट ठेवायचा, कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप घालायची आणि मग रेघेवर कापायचं. उलगडलं की दुरंगी दोन चौकोन, आणि उरेब कड कधी मोकळी सुटलीच नाही. यासाठी चौकोन किती मोठा कापायचा? हव्या त्या मापात सात सूत मिळवा, असं गोधडीवाले तोंडपाठ सांगतात. तीन इंच हवे असतील तर तीन इंच सात सूत. हा सात कुठून आला हे काढायला बसलं तर दोनाचं वर्गमूळ बाहेर येतं. दोन अधिक दोनाचं वर्गमूळ, भागिले चार, उत्तर ०.८५४ इंच. सात सूत म्हणजे ०.८७५. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, दोऱ्याच्या जाडीत मुरून जाणारा.

अस्तराचं थोडक्यात, कारण त्यात रस कमी आणि खर्च जास्त. थर शिवताना कापड सरकतं म्हणून अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त धरतात, ९२ बाय ९८. ४४ इंची कापडाचे दोन पन्हे त्याला पुरत नाहीत, तीन जोडावे लागतात, आणि सात मीटर कापड जातं. दर्शनी बाजूला लागलं त्याहून जास्त! चादरीचं रुंद कापड एका तुकड्यात आणलेलं बरं. नऊवारीची गोधडी करणारीला हा प्रश्न कधी पडला नसेल. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, चार घड्या घातल्या की ८१ इंच लांबीचे चार थर, पन्ह्याइतके रुंद, कुठंही सांधा नाही. एका माणसाचं पांघरूण साडीतच मोजून ठेवलेलं असतं. कडेच्या गोटाला आपल्या गोधडीचा घेर ३४८ इंच. अडीच इंची नऊ पट्ट्या जेमतेम पुरतात, दहावी कापून ठेवावी.

निळ्या-पांढऱ्यावर मन भरलं नसेल तर त्याच सत्तर पट्ट्या चौदा रंगांच्या घ्या, प्रत्येक रंगाच्या पाच. चौदा रंग ओळीने जोडून कापड करा, आणि मग त्याची पहिली आणि शेवटची कड एकमेकींना शिवून टाका. कापडाची नळी झाली. नळी आडवी कापली की बांगडीसारखी बारा वेढी मिळतात, पाच नळ्यांतून साठ. प्रत्येक वेढ्यातली एकच शिवण उसवायची. कुठली, ते तुम्ही ठरवायचं. पहिल्या वेढ्यात लाल-केशरीमधली, पुढच्यात केशरी-पिवळ्यामधली, असं एकेक घर सरकत गेलं तर रंगांच्या तिरक्या धारा वाहतात. काही घरं पुढे जाऊन मागे फिरलं तर नागमोडी. मध्यापर्यंत पुढे आणि तिथून परत आलं तर पतंग. उसवण्याच्या जागा चौदा आणि वेढी साठ, त्यामुळे एकूण मांडण्यांची संख्या ६९ आकडी. यातल्या बऱ्याचशा गबाळ्या दिसतील हे उघड आहे. म्हणून शिवण्याआधी सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडून फोनवर फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून बघावा. रंग डोळ्याला भुलवतात. नक्षी उठते ती उजळ-गडदाच्या फरकातून, आणि लाल-हिरव्याची जी जोडी दुकानात एकमेकींवर ओरडत होती ती फोटोत एकाच करड्या रंगाची निघाली, तर त्यातला एक रंग बदलायची हीच वेळ. नळी शिवून झाल्यावर नाही.